पुस्तक जरा खाली धर

२ डिसेंबर

…मी पाण्याचं पातेलं उतरवून वळले, तर हे खिडकीत आरसा टेकवून मिशी काढत बसलेले. अर्धी गेलेली, अर्धी जागेवर. ओटा पुसून झाला होता, चादरी झटकायच्या होत्या, दूध वर येत होतं. सासूबाई समोर स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या, पण नजर सगळी लेकाच्या तोंडावर. कित्येक दिवस त्यांनी एकच धोशा लावला होता, मिशी काढ, मिशी काढ. हे म्हणायचे, "आई, माझी मिशी तुझं काय खाते गं?" शेवटी त्या सकाळी काढलीच. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता कसा माझा मुलगा दिसतोय." मी म्हटलं, "आईचा शब्द बरा झेलता. मी लग्नापासून सांगतेय घोरू नका, त्याचं काय?" हसता हसता यांच्या हनुवटीला जरासं कापलं, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

एवढंच. त्या सकाळी दुसरं काही झालं नाही. आज लाँड्रीत काउंटरवर मी पावत्या फाडत होते आणि मागे मशीनवर बसणारे शिंपीमामा या थंडीत पहिल्यांदा शिंकले, तेव्हा ती सकाळ आठवली. एखादी साधी सकाळ आठवायला निमित्त लागतं. हे गेले ती सकाळ आठवावी लागत नाही, ती असतेच.

गेल्या थंडीत यांना साधा ताप आला. साधा, असं आम्हीच म्हणत होतो. फ्लू होता, तो छातीत उतरला, आणि आठवड्यात घर रिकामं झालं. आम्हाला मूलबाळ नाही. आता मी आणि सासूबाई. त्या त्र्याऐंशी वर्षांच्या.

संध्याकाळी वन्संचा फोन. त्या दूरच्या गावी असतात. "वहिनी, आईला जपा हो. दादाचं झालं तसं…" मग म्हणाल्या, "आईला द्या फोन." सासूबाईंनी नेहमीप्रमाणे फोन कानाला लावून "बरी आहे, तू बरी ना, मुलं बरी ना, ठेवते" म्हटलं आणि परत माझ्या हातात दिला. वन्सं म्हणाल्या, "मला दोन वाक्यांत उडवते. लेक नकोच होती तिला." त्यांचं ते जुनंच आहे.

५ डिसेंबर

मी सातवीनंतर शाळा सोडली, पण वाचायचं सोडलं नाही. रद्दीतून आणलेलं घरगुती औषधपाण्याचं एक जाड पुस्तक आहे, कव्हर नसलेलं. ते काल परत काढलं. म्हाताऱ्या माणसांचं प्रकरण वाचलं. वाचून धीर यावा तर उलटच झालं.

आजपासून नियम. बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात धुवायचे, लुगडं बदलायचं, मगच आत. लाँड्रीत दिवसभर लोकांचे रुमाल, उशांचे अभ्रे हाताळते मी, कोणाच्या घरी काय चाललंय देव जाणे. घरातसुद्धा मास्क. शिंपीमामांनी उरलेल्या अस्तराचे तीन पदरी शिवून दिले. गिऱ्हाइकांशी बोलताना ते स्वतःचा हनुवटीखाली ओढतात. मी रागावले तर म्हणतात, "अहो ताई, हा लावून मी कंबर विचारली तर लोक बाही सांगतात. पँट शिवू की पिशवी?"

सासूबाईंचं ताट दाराशी स्टुलावर ठेवायचं. संध्याकाळचं वाचनही दारातूनच. ही आमची जुनी सवय. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि मी कादंबरी वाचायची. सध्याची एका दीपगृहाच्या राखणदाराची आहे. वाचताना सासूबाईंचं ठरलेलं, "आधी दिवा लाव," आणि मग, "पुस्तक जरा खाली धर." मी तोंडासमोर धरून वाचते म्हणे, शाळकरी पोरासारखी. आज दारातून वाचलं. त्यांनी पुस्तक खाली धर म्हटलं नाही. थोड्या वेळाने कूस वळवून भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी दोन पानं तशीच वाचली.

९ डिसेंबर

लशीचा फज्जा.

परवा मी दारातून सांगितलं, "आई, फ्लूची लस टोचून घ्यायची आहे, परवा सकाळी जाऊ, गाडी सांगते." त्यांनी मान हलवली, "हो हो." आज गाडी दाराशी आली, मी आत डोकावले, तर बाई अंगावर रजई घेऊन बसलेल्या.

"कुठे निघालीस?"

"अहो, तुम्हाला घेऊन निघालेय!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी शाल हातात दिली तर ती घडी करून उशाशी ठेवली. मी दंडाला धरून उठवायला गेले तेव्हा भडकल्या. "मला न विचारता कुठे नेतेस? मी काय गाठोडं आहे?" खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय. शेवटी मी एकटीच गेले आणि माझी टोचून आले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजींना लवकर आणा, लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात.

हो म्हणायचं आणि करायचं नाही. ही त्यांची रीत मला नवी नाही.

१२ डिसेंबर

गल्लीत सगळीकडे खोकला. पलीकडच्या घरातल्या आजोबांना काल दवाखान्यात नेलं. मी सासूबाईंच्या खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली. दारातून ओरडून सांगितलं, "मोजे घाला, आई, फरशी गार आहे." "हो," म्हणाल्या. अर्ध्या तासाने बघते तर अनवाणी. मोजे उशाशी, त्या शालीवर, नीट जोडी करून ठेवलेले.

मोज्यांवरून माझं डोकं फिरतं. आजवर कोणाला बोलून दाखवलं नाही, इथे लिहिते.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सासूबाई कॉटजवळ, नुसत्या चपला घालून. आम्ही सगळे तोंडं बांधलेले. हे मास्कच्या आतून आईशी बोलले. आवाज खोल होता पण शब्द न् शब्द कळत होता, मी पायाशी उभी राहून ऐकला. तीन लहान वाक्यं. सासूबाईंनी यांचा हात धरला, मान हलवली, "हो रे राजा, हो हो" म्हणाल्या. आणि बाहेर येऊन दाराजवळच्या गार बाकावर त्याच उघड्या पायांनी दिवस मावळेपर्यंत बसल्या. यांनी जे मागितलं त्यातलं एकही केलं नाही. मुलाचं शेवटचं मागणं, आणि तेही इतकं लहान. तेव्हापासून माझ्या मनात एक खडा आहे. रोज त्यांचं सगळं करते, खडा तिथेच.

१५ डिसेंबर

भीती वाटते आहे.

काल विचारलं, "पोट साफ आहे ना?" त्या म्हणाल्या, "राहू दे, उघडी नको." आज विचारलं, सूप देऊ का, तर म्हणाल्या, "तिला सांग मी बरी आहे." जेवण अर्ध्यावर आलंय. आपणहून बोलणं बंद. पूर्वी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा, शेजारच्यांच्या कपड्यांच्या दोरीपासून माझ्या आमटीतल्या मिठापर्यंत. आता नुसत्या माझ्या डोळ्यांकडे बघतात आणि मग खाली बघतात.

जाड पुस्तकात लिहिलंय की म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप न चढताच आजार आत शिरतो. आधी दिसते ती गोंधळलेली बुद्धी, भलतीच उत्तरं, मंदावलेली भूक. ते पान मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. थर्मामीटर लावला. ताप नाही. परत लावला. सासूबाई म्हणाल्या, "हा आता तोंडातच ठेवून जा."

ते वाक्य मात्र अगदी ताळ्यावरचं होतं. मला त्याचंच नवल वाटलं.

१६ डिसेंबर

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्याही मास्क आणि हातमोजे घातलेल्या. छाती तपासली, नाडी बघितली. "छाती स्वच्छ आहे, ताप नाही, फ्लू वाटत नाही," म्हणाल्या. मला हुंदकाच आला. मग त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

सासूबाई विचार करून म्हणाल्या, "आठवडा झाला असेल."

"आजी, तुमच्या सुनेचं नाव सांगा बरं."

"चांगली करते. मी कशाला वाईट सांगू?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. बाहेर येऊन हळू म्हणाल्या की वयाप्रमाणे बुद्धीवर परिणाम व्हायला लागला असावा, थंडी सरली की तपासण्या करू. खिडकी सारखी बंद ठेवू नका, दुपारी थोडी हवा खेळू द्या, आणि पाणी भरपूर पाजा. सगळं बरोबर. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

वन्संना कळवलं. त्या म्हणाल्या, "रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. तुम्ही दिवसभर लाँड्रीत, ती एकटी, गॅस उघडा ठेवला तर? वहिनी, तुम्ही पुष्कळ केलंत." पुष्कळ केलंत, हे माणूस गेल्यावर म्हणतात तसं वाटलं. मी ठीक आहे म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले. त्या गेल्यावर या घरात मी कोणाला हाक मारणार?

१८ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वन्सं येणार म्हणून सुट्टी घेतली आणि घर धुवायला काढलं. सासूबाईंच्या खोलीची खिडकी, खाली गुडघ्यापर्यंत येणारी, गॅलरीत उघडते. बाहेरून काच पुसत होते. गॅलरीत एकटीच, म्हणून मास्क कमरेला खोचलेला. खिडकी आतून कडी लावून बंद. सासूबाई आत खुर्चीवर. कबुतराच्या शिटेचा एक जुना डाग निघेना. मी नखाने खरवडत स्वतःशीच म्हटलं, तेही पुटपुटत, "हा डाग आणि माझ्या सासूबाई, दोघांनाही जागचं हलवणं कठीण."

आत सासूबाई खो खो हसल्या.

मी थबकले. आवाज आत जायची शक्यता नाही. मी मोठ्याने बोललेच नव्हते. त्या खुर्चीतून वाकून आतून ओरडल्या, "व्हिनेगर लाव! आणि सासूला लावू नकोस!"

मी काचेला नाक लावून उभी राहिले. मग आवाजच काढला नाही, नुसते ओठ हलवले. "आई, आज वार कोणता?"

"गुरुवार. वेड लागलं का तुला?"

"माझं नाव काय?"

त्यांनी माझं माहेरचं नाव घेतलं. यांच्याशिवाय कोणी कधी घेत नसे ते. आणि मग त्यांना कळलं की मला कळलं. हसू गेलं. पदराने तोंड पुसत राहिल्या.

मी मास्क कमरेलाच ठेवून खिडकीबाहेर फरशीवर बसले. त्या म्हणाल्या, "तू लग्न होऊन आलीस तेव्हाच एक कान गेला होता. दुसराही हळूहळू गेला. तोंड दिसलं की मला सगळं समजतं. म्हणून कोणाला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?" मी ओठ हलवले.

"माझी सासू बहिरी होती. तिला आम्ही कोपऱ्यात बसवली होती. कोण रोज ओरडत बसणार? तिच्यादेखत तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलायचो आणि हसायचो. मला तो कोपरा नको होता." मग म्हणाल्या, "तू तोंड बांधलंस तेव्हा वाटलं, हिला माझ्याशी बोलायचं नाही. दारातून ताट सरकवतेस. म्हटलं, कंटाळली असेल. तरुण आहे, का नाही कंटाळणार?"

चोपन्न वर्षांच्या बाईला तरुण म्हणणारी आता ही एकच बाई उरली आहे.

मिशी. दिवा. पुस्तक खाली धर. मी तिथेच बसून एकेक जुळवत होते आणि हातातलं फडकं गार पडलं होतं.

१९ डिसेंबर

सकाळी काचेतून लशीचं समजावून सांगितलं, काय, कशासाठी, कुठे टोचतात. सासूबाई म्हणाल्या, "मग हे नीट सांगायला काय झालं होतं? मला वाटलं हिच्या घरी पोचवतेस की काय." हिच्या म्हणजे वन्संच्या. तासाभरात टोचून आलो. मी कानांचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोन पावलं मागे सरून, मास्क खाली करून विचारलं, "आजी, दुखलं का?" "तुझ्यापेक्षा डास बरा," म्हणाल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "माझंही चुकलं. कानाची तपासणी करू, यंत्र मिळेल." सासूबाईंनी यंत्राला नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही.

वन्संना फोनवर सांगितलं. आधी त्यांना खरंच वाटेना. मग, "म्हणजे मी इतकी वर्षं फोनवर भांडत होते ते…"

"त्यांना काही ऐकू येत नव्हतं."

"आणि मला वाटायचं…" त्यांना रडू आलं. मग रडता रडताच हसायला लागल्या, "वहिनी, मी तिला काय काय बोललेय हो!" रविवारी नेण्यासाठी नाही, भेटण्यासाठी येते म्हणाल्या.

२१ डिसेंबर

ज्याची भीती तेच झालं. सकाळपासून घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय. काल लाँड्रीत शिंपीमामा बेजार होते तेव्हाच वाटलं होतं. मी लस घेतलेली, मला सौम्य जाईल. पण सासूबाईंची परवाच झाली. मुरायला दोन आठवडे, आणि घरात आजार आज.

वन्संना येऊ नका म्हटलं. मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकलंय. त्याचंही दार गॅलरीत उघडतं. शेजारीण सासूबाईंचं जेवण पोचवते. तिला सांगितलं, दारात मास्क लाव, पण आधी लांब उभी राहून तोंड दाखवून बोल. ती म्हणाली, "हे काय नवीनच?" मी म्हटलं, कर तू.

२३ डिसेंबर

ताप. गेल्या थंडीसारखाच वाटतो. सगळे ताप सारखेच असतात, हे मला कळतं, पण अंगाला कळत नाही. जाड पुस्तक शेजारणीकडे देऊन टाकलं. म्हटलं, मी मागितलं तरी देऊ नकोस.

दुपारी घोंगडं पांघरून गॅलरीत उन्हाला बसले, मध्ये काच. सासूबाई आत खुर्ची ओढून टेकल्या आणि माझ्या कपाळाकडे बोट दाखवून ओरडल्या, "किती आहे?" मी सांगितलं. "पाणी पी!" प्यायले. "अजून!" अजून प्यायले. सगळ्या गल्लीने ऐकलं.

मग दीपगृहाची कादंबरी काढली. घसा इतका बसलाय की आवाज फुटत नाही. नुसते ओठ हलवत वाचलं. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघत होती. बघू दे. एका पानावर सासूबाईंनी काचेवर टकटक केलं.

"पुस्तक जरा खाली धर."

२७ डिसेंबर

ताप उतरला. सासूबाईंना अजून शिंकसुद्धा नाही. तरी रोज सकाळी त्या खोकतात का म्हणून भिंतीला कान लावते. मी खोकले की त्यांना ऐकू येत नाही, हे बरंच आहे.

आज वाचन संपल्यावर त्या उठल्या नाहीत. मी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, हळू म्हणाल्या, त्यामुळे मलाच त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं, "तू तेव्हा पायाशी उभी होतीस. त्याच्या तोंडावर ते नळीचं होतं. मला काहीच दिसलं नाही. नुसते डोळे. मी मान हलवली. काय म्हणाला गं तो?"

मला वर्षभरापूर्वीचा तो गार बाक दिसला, त्यांचे उघडे पाय दिसले. मी नुसते ओठ हलवून "उद्या" म्हटलं आणि आत आले. त्या खिडकीपाशी तशाच बसून राहिल्या.

मग ठरवलं, काचेतून नाही सांगायचं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ताप गेला, अंगात ताकद आली, तर उद्या आत जायला हरकत नाही, हात धुवा, खिडकी थोडी उघडी ठेवा.

२८ डिसेंबर

सकाळी पाणी तापवलं. चादरी झटकल्या. हात कोपरापर्यंत धुतले. आईंची खिडकी चार बोटं उघडली, दिवा लावला आणि मास्क न लावता त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, पहिल्यासारखी, गुडघ्याला गुडघा.

सावकाश सांगितलं. "आई, घरी जा. थंडी आहे. पायात मोजे घाल."

त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. "एवढंच?"

"एवढंच."

"मग मी ऐकलं असतं की गं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पाय पुढे केले. मी उशाशी ठेवलेले मोजे घेतले आणि त्यांच्या पायांत घातले, आधी डावा, मग उजवा. मग लाँड्रीत गेले.